डावखुऱ्या फ्रेंच बायका

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे करतात. आमच्या घरात हे खातं माझ्याकडे आहे, आणि दर वर्षी मी स्वयंपाकघरातलं घड्याळ विसरतो. मग दोन-चार दिवस घरात दोन वेळा गुण्यागोविंदानं नांदतात. नलू, म्हणजे माझी बायको, त्यावरून मला चार शब्द ऐकवते आणि मीही ते ऐकून घेतो. आता वयाप्रमाणे ऐकू कमी येतं, त्यामुळे तेही जड जात नाही. पण साडेचारलाच खिडकीबाहेर काळोख साचायला लागला, पावसानं भिजलेल्या पानांचा कुबट वास बागेतून आत आला, की मी त्या घड्याळाखालच्या चित्रापाशी जाऊन उभा राहतो. चित्र माझंच आहे. शिळाछापाचं, काळं-पांढरं, आणि उघड उघड चुकलेलं.

चित्रातली बाई खिडकीत बसून संत्रं शिवते आहे. हो, संत्रं. सोलत नाही, शिवते आहे.

सत्तरचं दशक नुकतंच उजाडलं होतं तेव्हाचा तो हिवाळा. लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये आम्ही एका जुन्या घराच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. संप, कोळशाची टंचाई, आणि पाळीपाळीनं जाणारी वीज. आज कुठल्या भागाचा नंबर, ते पेपरात छापून यायचं. मेणबत्त्यांसाठी दुकानापुढे रांगा लागायच्या, आणि त्या रांगेतही इंग्रज माणूस ‘माइल्ड फॉर द टाइम ऑफ इयर’ म्हणत हवेबद्दलच बोलायचा. आम्हाला विजेच्या जाण्याचं काडीचं नवल नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या एस्थरबाई तर वीज गेली की जिन्यातून हाक मारायच्या, “आलं गं आपलं गाव!” एस्थरबाई बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या, मुंबईत वाढलेल्या. शनिवारी त्या काही काम करत नसत, आणि रविवारी ती कसर आमच्याकडे येऊन बोलण्यानं भरून काढत.

नलू डोळ्यांची डॉक्टर. हॉस्पिटलात नोकरी करत करत ती ऑपरेशनं शिकत होती. हा हट्ट जुना होता. तिच्या आईचा मोतीबिंदू काढताना कुणाचा तरी हात चुकला, आणि पुढची सगळी वर्षं त्या माउलीनं लेकीचा चेहरा बोटांनी चाचपून पाहिला. नलूला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. पुस्तकी ज्ञानात ती कुणाला हार जायची नाही. पण ऑपरेशनच्या टेबलाशी गेली, हातात टाक्याची सुई आली, की कुठेतरी क्षणभर थबकायची. तिच्या मोठ्या सर्जननी एके दिवशी तिला बाजूला घेतलं. माणूस भला होता, ओरडणारा नव्हता. “यू नो एव्हरीथिंग, डॉक्टर,” ते म्हणाले, “बट युअर हँड्स आस्क परमिशन.” तुमचे हात परवानगी मागतात. वसंतापर्यंत हात बसला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन थिएटर सोडून चष्म्याचे नंबर काढण्याच्या खोलीत बसायचं. त्यात काही वाईट नाही, पुष्कळजण तेच करतात, असंही ते म्हणाले. नलू घरी आली, कोट न काढता खुर्चीत बसली आणि म्हणाली, “वाईट नाही म्हणे.”

मी काय करत होतो? घर सांभाळत होतो. मुंबईत मी एका छापखान्यात चित्रं काढायचो: कॅलेंडरं, तेलाच्या डब्यांची लेबलं, अगरबत्तीच्या पुड्यांवरच्या लक्ष्म्या. वॉटफर्ड म्हणजे छापखान्यांचं गाव, तेव्हा तिथे मला कोण नाही म्हणणार, अशा भ्रमात आलो. युनियनचं कार्ड नाही म्हणून सगळेच नाही म्हणाले. तेव्हा सकाळी बायको कामाला जायची आणि मी एप्रन बांधून कांदा चिरायचो. पुण्याहून कुणी आलं की आम्ही ‘दोघांचंही छान चाललंय’ म्हणून सांगत असू. माझी पोळी मात्र खरंच छान फुगायची.

हात गंजू नये म्हणून गावातल्या कॉलेजात शिळाछापाच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. अजूनही जवसाच्या तेलाचा वास आला की तो तळघरातला वर्ग समोर येतो. भिंतीला लावून ठेवलेले पिवळसर, राखाडी चुनखडीचे दगड, प्रत्येक चांगला पाट्याएवढा जड. त्यावर मेणचट खडूनं काढायचं, डिंकपाणी फिरवायचं, ओला स्पंज, मग शाईचा रूळ. तेल तेलाला धरतं, पाणी शाईला हाकलतं, एवढंच काय ते शास्त्र. प्रेस हातानं फिरवायचा होता, त्यामुळे वीज गेली तरी काम अडायचं नाही. शिकवायला मिसेस गॅरट होत्या. नखांत कायमची काळी शाई, केसांत खोचलेली पेन्सिल, आणि कुणाचंही काम पाहिलं की आधी “वेल, वेल” म्हणायची सवय. त्या ‘वेल’मध्ये कौतुक आहे की सांत्वन, हे समजायला मला नाताळपर्यंत वेळ लागला.

त्यांच्याकडे एक चपटी पेटी होती. तीत शंभरेक वर्षांपूर्वीची फ्रेंच छापचित्रं होती, काही जुन्या वर्तमानपत्रांतून कापलेली, काही जाड कागदावरची, रंगीत. दर वर्गाला त्या एकेक चित्र काढून इझलवर लावायच्या. लढाया नाहीत, राजे नाहीत. नुसत्या बायका. गरीब नव्हेत आणि राजघराण्यातल्याही नव्हेत. वकिलाची, दुकानदाराची, सरकारी कचेरीतल्या अधिकाऱ्याची बायको असावी अशा. आपल्याकडे ज्यांना घरंदाज म्हणतात, तशा.

पहिलंच चित्र थट्टेचं होतं. बाई टेबलाशी बसून लिहिते आहे, केस विस्कटलेले, नजर छताला. मागे नवरा एका हातात रडतं पोर आणि दुसऱ्या हातात करपलेलं पातेलं घेऊन उभा. वर्गातले छापखान्यातले गडी खो खो हसले. मीही हसायला लागलो आणि मधेच थांबलो. नवऱ्याच्या कमरेला माझ्यासारखाच एप्रन होता! पोर तेवढं नव्हतं आमच्याकडे. बाकी पातेल्यासकट सगळं जुळत होतं. घरी येऊन नलूला सांगितलं तर ती म्हणाली, “करपलेलं का दाखवलं पण? तुमचं काही करपत नाही.” एवढा मोठा शेरा मला कुठल्या वर्तमानपत्रानं आजवर दिलेला नाही.

मग एकामागून एक त्या बायका येत गेल्या. टोपी डोक्यावर चढवून आरशात तिरपी बघणारी. नाटकगृहात दुर्बीण लावून रंगमंचाऐवजी समोरच्यांचे कपडेलत्ते न्याहाळणारी. चहा ओतणारी, भरतकाम करणारी, पत्र वाचणारी. मी जसजसा बघत गेलो, तसं लक्षात आलं की मध्यमवर्गीय बाई कशी असते, हे त्या कागदांनी ठरवूनच टाकलं होतं: ती बसलेली असते. खिडकीशी किंवा दिव्याशी. तिचे हात कधी ओले नसतात. बेसिनवर वाकलेली असली तरी ते पाणी भरणारी आणि ओतणारी दुसरीच कुणी, दाराआड. आपल्याकडच्या दिवाणखान्यांतही असेच फोटो असायचे, खुर्चीत बसवलेल्या, मांडीवर लोकरीचा गुंडा दिलेल्या सुनांचे. त्यातल्या कितीजणींना विणता यायचं, देव जाणे. फोटो काढून झाला की त्या चुलीपाशी परत जात.

आणि तरीही मला त्या फ्रेंच बायकांचा लळा लागला. पुरुषांनी काढलेल्या होत्या, कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे त्यांना पक्कं ठाऊक असल्यासारख्या. थट्टा करणाऱ्यानं थट्टा केली, कपडे विकणाऱ्यानं कपडे दाखवले. पण चित्रकार कितीही आचरट असला, तरी माणसाचे हात काढताना त्याला थोडं तरी खरं बोलावंच लागतं. टोपीला टाचणी लावणाऱ्या त्या बाईची बोटं मला अजून आठवतात, चेहरा विसरलो.

हातांकडेच बघत होतो म्हणून एके दिवशी मला ते दिसलं. मी मिसेस गॅरटना विचारलं, “या सगळ्या डावखुऱ्या कशा?” शिवणारी डाव्या हातानं शिवत होती, लिहिणारी डाव्या हातानं लिहीत होती, चहाची किटलीही डावीकडेच. विचारल्यावर माझी मलाच लाज वाटली. दगडावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं, हे छापखान्यातल्या माणसानं विचारावं? मुंबईत मी खास कागदावर काढायचो. त्यावरून ते दगडावर उलटं उतरायचं आणि छापताना सुलटं यायचं. उलटसुलटाचा हिशेब दुसरेच लोक करायचे. मिसेस गॅरट हसल्या. “काटेकोर लोक आधीच उलटं काढायचे. पण उद्या पेपर निघायचा असेल तर कोण बघतंय, बाई कुठल्या हातानं शिवते ते!”

जेवताना हे मी गंमत म्हणून नलूला सांगितलं. ती हसली नाही. वाटीतल्या आमटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “अख्खं गावच्या गाव डावखुरं. त्यांना कुणी काही म्हणत नाही?”

“कोण म्हणणार? चित्रंच ती.”

“हं,” नलू म्हणाली आणि उठून ताटं घेऊन गेली.

नाताळाआधी वर्गात प्रत्येकानं एक चित्र पुरं करायचं होतं. मिसेस गॅरटनी विषय दिला: आपल्या घरातली बाई, त्या फ्रेंचांसारखी. नलू तेव्हा रोज दुपारच्या उजेडात, सुट्टी असेल तेव्हा, खिडकीत बसून संत्र्याच्या सालीवर टाके घालायची. साल चिरायची, बारीक रेशमानं शिवायची, उसवायची, पुन्हा शिवायची. बुबुळावरचा पापुद्रा सालीपेक्षा कितीतरी नाजूक, पण हाताला वळण तर लागतं. घरभर संत्र्याचा वास असायचा. पाचवारी साडी, वर माझा जुना स्वेटर, कपाळाला आठी. याहून चांगली मध्यमवर्गीय बाई मला कुठे मिळणार होती? समोर बसून मी तिचं रेखाटन केलं आणि वर्गात जाऊन ते जसंच्या तसं दगडावर उतरवलं. खालच्या कोपऱ्यात माझं नाव मात्र आठवणीनं उलट्या देवनागरीत लिहिलं. त्याचा मला फार अभिमान वाटला.

छापायच्या संध्याकाळी आमच्या भागाची वीज गेलेली. मेणबत्त्या लावून प्रेस फिरवला, कागद सोलून उचलला. मिसेस गॅरट म्हणाल्या, “वेल, वेल,” आणि या वेळी ते कौतुक होतं. नाव झकास सुलटं आलं होतं. मी चित्र गुंडाळून मिरवत घरी आणलं. रविवारी एस्थरबाई आल्या तेव्हा ते टेबलावर पसरलं. त्यांनी चष्मा लावला, एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “छान आहे हो! पण ही गुजरातीण कोण?”

“गुजरातीण कशी? नलू आहे ती.”

“मग पदर उजव्या खांद्यावर कसा?”

मी खाली पाहिलं. नाव सुलटं आणि बायको उलटी! मिसेस गॅरटच्या वर्गातल्या एकाही इंग्रजाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, दिसणारही नव्हतं. एस्थरबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. “जाऊ दे, आमची हिब्रू पोथीसुद्धा उजवीकडूनच सुरू होते,” म्हणून त्यांनी माझं सांत्वन केलं आणि त्या वर गेल्या. मी चित्र गुंडाळायला घेतलं, तर नलूनं कागदावर हात ठेवला.

“थांबा जरा.”

ती पदराकडे बघत नव्हती. चित्रातल्या बाईच्या डाव्या हातात सुई होती, उजव्यात संत्रं.

“मी अशीच होते,” ती म्हणाली. “लहानपणी. सगळं डाव्या हातानं. लिहायला बसले, जेवायला बसले की आजी माझा डावा हात रुमालानं परकराच्या नाडीला बांधून ठेवायची. रागानं नाही हो. लाडानं बांधायची, गोष्टी सांगत सांगत. मुलीच्या जातीला उद्या चारचौघांत वाढायचं, हळदीकुंकू लावायचं, डाव्या हातानं कसं चालेल, म्हणायची. शाळेत जाईपर्यंत गेली सवय.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“विसरलेच होते. खरंच विसरले होते. पण थिएटरमध्ये सुई हातात आली ना, की डावा हात पुढे यायला बघतो. मी त्याला मागे ओढते. तेवढाच तो क्षण.” मग ती थोडी हसली. “परवानगी मागतात म्हणे हात. कुणाची मागतात, ते आज कळलं.”

मला त्या क्षणी तिच्या आजीचा राग आला आणि लगेच ओसरलाही. त्या म्हातारीनं जे प्रेम येत होतं ते केलं. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमच्या लग्नाला किती वर्षं झाली होती! शेल्फवरून कप घसरला तर तो डाव्या हातानं झेलणारी, कुलपाला डाव्या हातानं किल्ली लावणारी बायको मी रोज बघत होतो, आणि चित्रकार म्हणवून घेत होतो.

पुढच्या वर्गाला नलू माझ्याबरोबर आली. तिला त्या फ्रेंच बायका बघायच्या होत्या. मिसेस गॅरटनी सगळी पेटी तिच्यापुढे उघडून ठेवली. तिनं डॉक्टरच्या सवयीनं एकेक कागद कडेला धरून उचलला, मेणबत्तीजवळ नेला, ठेवला. मग विचारलं, “सो नन ऑफ देम वॉज रिअली लेफ्ट-हँडेड?”

“सम ऑफ देम मस्ट हॅव बीन, डिअर,” मिसेस गॅरट म्हणाल्या. “नोबडी आस्क्ड.”

पेटीच्या तळाशी एक रंगीत छाप होता, फिका हिरवा आणि मातकट गुलाबी. एक आई मुलाला टबात न्हाऊ घालते आहे. हे एका बाईनं काढलेलं आहे, असं मिसेस गॅरटनी सांगितलं. यात आपल्याकडे कुणी बघतंय याची त्या आईला गंधवार्ताही नव्हती. तिचे हात ओले होते! एक हात मुलाच्या पाठीशी, एक पाण्यात. नलू त्या चित्रापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबली. परतताना रस्त्यावरचे दिवे बंद होते, आणि आम्ही पुढच्या सायकलवाल्याच्या दिव्यामागून चालत होतो. ती म्हणाली, “त्या शेवटच्या चित्रात डावं-उजवं काही कळतच नाही. दोन्ही हातांना आपापलं काम आहे.”

त्या दिवसापासून संत्रं उजव्या हातात गेलं आणि सुई डाव्या. पहिले टाके पाहून मला हसू यायचं; लहान मुलीनं बाहुलीचं पोट शिवावं तसे. मग ते सरळ व्हायला लागले. एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाशी बोलणं सुरू करावं, तसा तो हात हळूहळू मोकळा होत गेला. वीज गेली तरी ती थांबायची नाही. मी मेणबत्ती धरून उभा राहायचो आणि शिवलेल्या संत्र्यांचं काय करायचं हा माझा प्रश्न असायचा. मुरांबा केला. खाताना एस्थरबाईंच्या दाताखाली एकदा रेशमाचा धागा आला.

जेवायला मात्र ती उजव्याच हातानं जेवायची. मी एकदा चिडवलं तर म्हणाली, “आजीनं शिकवलेलं सगळंच काय टाकायचं?”

मार्चमध्ये बागेतली पिवळी डॅफोडिल्स वर आली, आणि एका सकाळी मोठ्या सर्जननी नलूला टेबलाशी बसवलं. रुग्ण एक म्हातारी बाई होती, मोतीबिंदूची. ही हकिगत मला नलूनं सांगितली ती संध्याकाळी, आणि मी कांदा चिरायचा थांबलो. छेद तिनं उजव्या हातानं घेतला. टाक्यांची वेळ आली तेव्हा सुई डाव्या हातात घेतली. कुणालाही न विचारता. नर्स गोंधळली. मोठे सर्जन नलूच्या डाव्या अंगाला बसले होते, ते क्षणभर बघत राहिले. मग उठले, स्टूल उचललं आणि तिच्या उजव्या बाजूला येऊन बसले. तिच्या कोपराला जागा झाली. नर्सला एवढंच म्हणाले, “पुट द ट्रे ऑन द डॉक्टर्स लेफ्ट, प्लीज. फ्रॉम नाऊ ऑन.”

“फ्रॉम नाऊ ऑन,” नलूनं माझ्यापुढे पुन्हा म्हणून दाखवलं. ती रडत होती, आणि मीही. निदान माझ्याकडे कांद्याची सबब होती.

त्यानंतर ती निवृत्त होईपर्यंत किती म्हाताऱ्यांनी आपल्या लेकींचे चेहरे पुन्हा पाहिले, त्याची मोजदाद आम्ही केली नाही. मलाही पुढे कार्ड मिळालं, नोकरी मिळाली. आज त्या छापखान्यांच्या जागी घरं आहेत, एस्थरबाई नाहीत, आणि वीजही जात नाही. चित्र तेवढं आहे. घरी येणारं प्रत्येक मराठी माणूस त्याच्यापुढे उभं राहून तेच विचारतं, आणि माझ्यातला जुना कारागीर दर वेळी खजील होतो.

खरं तर तेव्हाच ते सुधारून घेणार होतो. मार्चमधल्याच त्या संध्याकाळी, डोळे पुसून झाल्यावर, मी नलूला म्हटलं होतं, “दगड अजून वर्गातच आहे. घासून पुन्हा काढतो तुला. या वेळी पदर बरोबर येईल.”

तिनं भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं.

“पदर चुकला तर चुकू दे,” ती म्हणाली. “हात बरोबर आलाय.”